उपज कुठून येते, आणि ती का आटते

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. विचारणारा २७ वर्षांचा आहे. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, लहानपणी सात वर्षं पेटी शिकला, आणि रात्री घरी संगणकावर लघुपट-वेबमालिकांचं पार्श्वसंगीत करतो. त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. इंजिनिअर असल्यामुळे आपला ‘डावा मेंदू’ बळावलाय आणि म्हणून सुचत नाही, हे खरं का? रियाजाने हात यंत्रासारखा होऊन सर्जनशीलता मरते का? आणि तिसरी गोष्ट: गेलं वर्षभर तो आधी एआयकडून वीस-पंचवीस चाली काढून घेतो, त्यातली एक निवडून ठाकठीक करतो. आता मात्र नुसत्या कीबोर्डसमोर बसलं की हात थिजतात. सध्या एसटी स्टँडवर मुलाची वाट बघत बसलेल्या बापाचा दोन मिनिटांचा सीन त्याच्याकडे तीन आठवडे पडून आहे.

मी २८ वर्षं नाटकं, मालिका आणि जाहिरातींना संगीत देतोय. मेंदूचा डॉक्टर नाही. पण सुचणं हाच माझा धंदा असल्यामुळे त्यावरचं संशोधन बरीच वर्षं मन लावून वाचत आलोय, आणि ते स्वतःच्या कामाशी ताडूनही पाहिलंय. तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात गंभीर वाटतो. पहिले दोन त्याच्या वाटेवरच लागतात, म्हणून तिथून सुरुवात करतो.

डाव्या-उजव्या मेंदूची गोष्ट आली कुठून? अपस्माराचे झटके थांबवण्यासाठी काही रुग्णांच्या मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणारा तंतूंचा जाड पट्टा शस्त्रक्रियेने कापला जाई. रॉजर स्पेरी यांनी अशा रुग्णांवर अतिशय कल्पक प्रयोग केले आणि दोन्ही बाजूंची कामं काही प्रमाणात वेगळी असल्याचं दाखवलं. त्यासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. काम अस्सल होतं. मात्र पुढे व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांनी त्याचं ‘हिशेबी माणूस डावा, कलावंत उजवा’ असं करून टाकलं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या गटाने हजाराहून अधिक लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले. एखाद्या माणसाची सबंध डावी किंवा सबंध उजवी बाजू वरचढ असल्याचं काही त्यांना आढळलं नाही. तेव्हा तुमच्या पदवीचा आणि तुमच्या न सुचण्याचा संबंध नाही. ही खूणगाठ आधी बांधा.

भाषा आणि संगीत मेंदूत किती वेगवेगळ्या वाटांनी राहतात याचं मला कायम हलवून टाकणारं उदाहरण म्हणजे विसारियोन शेबालिन हे रशियन संगीतकार. १९५३ आणि १९५९ मध्ये त्यांना पक्षाघाताचे झटके आले. मेंदूची डावी बाजू दुखावली, बोलणं गेलं, दुसऱ्याचं बोलणं कळणंही अवघड झालं. तरी ते स्वररचना करत राहिले आणि १९६२ मध्ये त्यांनी आपली पाचवी सिंफनी पूर्ण केली. अलेक्झांडर लुरिया या मोठ्या मेंदूतज्ज्ञाने त्यांच्यावर लिहून ठेवलंय. शब्द हरवलेल्या माणसाच्या आत एक सबंध सिंफनी शाबूत होती. ‘सुचण्याची जागा’ म्हणून मेंदूच्या नकाशावर बोट ठेवणाऱ्यांनी या माणसाकडे जरूर बघावं.

आता रियाज. इथे मला जरा थांबायचंय, कारण आपल्याकडच्या गवयांना जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं त्याचा मेंदूतला माग आता कुठे लागू लागलाय.

चार्ल्स लिंब हे कानाचे शल्यविशारद आणि स्वतः जॅझचे वेडे. त्यांनी आणि ॲलन ब्रॉन यांनी सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआयच्या नळकांड्यात झोपवलं आणि मांडीवर ३५ पट्ट्यांचा, चुंबकाला न खेचला जाणारा खास कीबोर्ड दिला. एकदा साधी सप्तकाची सरगम वाजवायची, एकदा त्याच स्वरांत मनाला येईल ते. मग एकदा पाठ केलेली रचना, एकदा तिच्याच साथीवर उत्स्फूर्त वादन. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. उत्स्फूर्त वाजवताना कपाळामागचा बाजूबाजूचा भाग शांत होत होता. हा भाग आपल्यावर पाळत ठेवतो: चुकलं का, बरोबर आहे का, लोक काय म्हणतील. त्याच वेळी मधल्या पट्टीतला, स्वतःबद्दलच्या गोष्टी जुळवणारा भाग जागा होत होता. ऐकण्याचे आणि हालचालींचे भागही जास्त उजळले होते. चार वर्षांनी बारा रॅपरांवर असाच प्रयोग झाला. पाठ केलेले शब्द म्हणताना आणि उभ्या उभ्या रचताना काय फरक पडतो ते पाहिलं, आणि चित्र बरंचसं तसंच निघालं. फडावर कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. समोरच्याचा सवाल संपायच्या आत जवाब जुळलेला असतो, आणि शाहीर विचार करायला थांबला तर फड हातचा जातो.

सहा आणि बारा हे आकडे लहान आहेत, हे मनात ठेवा. शिवाय एमआरआय दाखवतो तो रक्तपुरवठा. विचार त्यात दिसत नाही. त्यामुळे ‘पाळत ठेवणारा बंद केला की कला सुरू’ असा सोपा अर्थ मी काढणार नाही. तसं असतं तर दोन पेग घेतलेला प्रत्येकजण उत्तम गायला असता. दारू पाळत सैल करते आणि त्याबरोबर कान आणि हातही सैल करते. या धंद्यात त्या वाटेने गेलेले गुणी लोक मी जवळून पाहिलेत, म्हणून हे ठासून लिहितोय.

पाळत ठेवणारा निर्धास्त होऊन बाजूला कधी बसतो? हातावर त्याचा विश्वास बसला की. स्वीडनमध्ये ३९ पियानोवादकांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये आला. आयुष्यात उत्स्फूर्त वादनाचे तास जितके जास्त, तितकी त्या नियंत्रणाच्या भागांची हालचाल वादनाच्या वेळी कमी, आणि कपाळाच्या भागांमधले आपापसातले धागे मात्र तितके घट्ट. कमी कष्टात जास्त जुळवाजुळव, असंच म्हणा ना. यात मला सगळ्यात मोलाचा शब्द वाटतो ‘उत्स्फूर्त वादनाचे तास’. नुसत्या वादनाचे तास वेगळे मोजले होते.

आमचे बुवा सकाळी पलटे घोटून घ्यायचे. सारेगम, रेगमप, गमपध, वर जाऊन परत खाली, एकपट, दुप्पट, चौपट. तासभर झाला की पेटी बंद करायचे आणि म्हणायचे, “हं, आता यातलं काहीही म्हणायचं नाही. भूपात तुला काय दिसतंय ते सांग.” पहिली दोन वर्षं मला काहीच दिसलं नाही. मी पलट्याचेच तुकडे उलटसुलट जोडायचो आणि बुवा ते निमूट ऐकून घ्यायचे. एकदाही “चूक” म्हणाले नाहीत. तिसऱ्या वर्षी कधीतरी गंधारावरून धैवताकडे जाताना पंचमाला नुसता ओझरता स्पर्श झाला, आणि त्यांनी मान हलवली. एवढंच. त्या शिकवणीची दोन अंगं होती हे मला फार उशिरा कळलं: घोटणं रोज, आणि घोटलेलं विसरून बोलणंही रोज. तुम्ही पेटी शिकलात ती बहुधा परीक्षांच्या वाटेने. त्यात पहिलं अंग होतं, दुसरं जवळजवळ नव्हतं. म्हणून रियाजाने हात यंत्रासारखा झाल्यासारखा वाटतो. दोष पलट्यांचा मुळीच नाही. पलट्यांपुढचा तो अर्धा तास तुम्हाला कुणी दिलाच नाही.

आपल्या गायकीत याला नेमका शब्द आहे: उपज. शेतातून घेतलेला शब्द. ‘इम्प्रोव्हायझेशन’ म्हणताना माणूस काहीतरी करतोय असं वाटतं. उपज म्हटलं की जमीन, बी, पाणी आणि वाट बघणं सगळं आलं. बंदिशीची जागा घेऊन बढत करताना, म्हणजे राग हळूहळू फुलवताना, गवई दर वेळी नवं काही शोधायला बाहेर जात नाही. आत जे पेरलंय ते उगवू देतो.

उगवलेलं सगळंच ठेवायचं नसतं, हा पुढचा मुद्दा. आपण निवांत बसून मनाला मोकळं सोडतो तेव्हा मेंदूतलं एक जाळं कामाला लागतं. आठवणी, कल्पना, ‘असं झालं तर’ हे तिथे चालतं. मार्कस राइकल यांनी २००१ मध्ये त्याची ओळख करून दिली. नियंत्रणाचं, पारखीचं जाळं वेगळं. सहसा एक वर आलं की दुसरं खाली जातं. २०१८ मध्ये रॉजर बीटी आणि सहकाऱ्यांनी १६३ जणांना रोजच्या वापरातल्या वस्तूंचे आगळे उपयोग सुचवायला सांगून त्यांचे मेंदू पाहिले. जास्त कल्पक उत्तरं देणाऱ्यांमध्ये ही दोन जाळी एकमेकांशी जास्त जोडलेली दिसली. म्हणजे उगवणं आणि निवडणं दोन्ही हवीत, आणि ती एकमेकांची बोली समजणारी हवीत. माझा कामातला अनुभव असा की ही दोन्ही कामं शिकाऊ माणसाने एकाच बैठकीत करू नयेत. मुरलेला गवई ती एका आवर्तनात करतो. आपल्याला मध्ये एक रात्र लागते.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो.

यंत्राने संगीत रचणं ही काही गेल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लिओनार्ड आयझॅक्सन यांनी १९५६-५७ मध्ये ‘इलियाक’ या अवाढव्य संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी रचना करून घेतली. रीत मोठी बोलकी होती. संगणक यदृच्छया स्वर काढायचा आणि शास्त्रीय नियमांच्या चाळणीतून जो जाईल तोच ठेवायचा. उगवणंही यंत्राचं, निवडणंही यंत्राचं. नियम तेवढे माणसाचे. तुमची सध्याची रीत त्या हिशेबात मांडून बघा. उगवणं सगळं यंत्राकडे गेलंय. तुमच्या वाट्याला निवडणं उरलंय, आणि तुम्ही वर्षभर रोज रात्री फक्त निवडण्याचा रियाज केलाय. पारख चांगलीच धारदार झाली असणार. पाळत ठेवणारा तुमच्याकडे आता पहिलवान आहे. तो नुसत्या कीबोर्डसमोर तुमच्या शेजारी येऊन बसतो आणि पहिला स्वर लागायच्या आत “हे त्या वीसांइतकं चांगलं नाही” म्हणतो. हात थिजतात ते याने. उपज मेलेली नाही. तिला बोलायची उसंत मिळत नाही.

दुसरं एक कारण आहे, आणि त्यात मी स्वतः पोळलोय. काही वर्षांपूर्वी एका मालिकेचं काम होतं. निर्मात्याकडून सीन आला तो आधीच कुठलं तरी तयार संगीत चिकटवून. “साधारण असंच हवंय, पण हे नको,” असा निरोप. मी त्या सीनसाठी सहा वेगवेगळे क्यू, म्हणजे संगीताचे तुकडे, केले. वेगळा राग, वेगळी लय, एकात तर नुसती सारंगी. सहाही ओळीने वाजवून ऐकले तेव्हा लक्षात आलं की प्रत्येकात चौथ्या मात्रेवर तोच उसासा होता, जो त्या चिकटवलेल्या तुकड्यात होता. मी ठरवून टाळत होतो तरी. त्या रात्री मला स्वतःबद्दल फार वाईट वाटलं होतं.

पुढे वाचनात आलं की यावर १९९१ मध्येच जॅन्सन आणि स्मिथ यांनी इंजिनिअरांवर प्रयोग केले होते. न सांडणारा कॉफीचा पेला बनवायचा. काहींना आधी एक नमुना दाखवला, त्यात नळी आणि तोंडाने ओढायची सोय होती, आणि बजावून सांगितलं की नळी वापरायची नाही. नमुना बघितलेल्यांच्या आराखड्यांत तरीही ती नळी येत राहिली. जे डोळ्यांसमोर आधी येतं, त्याच्या भोवती मन रिंगण घालत राहतं. तुम्ही इंजिनिअर आहात, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिलं. एआयच्या वीस चाली म्हणजे वीस नळ्या आहेत. त्या ऐकल्यानंतर ‘आता माझं’ म्हणून जे कराल ते त्यांच्या रिंगणातलंच असणार.

२०२४ मध्ये अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउसर यांनी छोट्या गोष्टी लिहिणाऱ्यांवर केलेला अभ्यास हेच मोठ्या पटावर दाखवतो. ज्यांना एआयने कल्पना पुरवल्या त्यांच्या गोष्टी वाचकांना जास्त चांगल्या वाटल्या, आणि मुळात कमी कल्पक असलेल्यांना फायदा जास्त झाला. पण सगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींसारख्या झाल्या होत्या. एकेकट्या लेखकाचं भलं झालं, गावाचं नुकसान. आमच्या धंद्यात ते रोज ऐकू येतं. टीव्हीचा आवाज ठेवून पाठ फिरवून बसा आणि वाहिन्या बदला. कुठली मालिका चालू आहे ते संगीतावरून ओळखता येत नाही, हा प्रकार एआय यायच्या आधी तयार लूपच्या काळातच सुरू झाला होता. आता वेग वाढलाय.

तंत्रज्ञानावर माझा राग नाही, हे मनापासून सांगतो. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका झाल्या. तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपास जागा. तासभर राग मांडणाऱ्या गवयांना ती जागा म्हणजे काडेपेटी. तरी त्या पिढीतल्या लोकांनी आलाप, चीज, तान सगळं तीन मिनिटांत अशा खुबीने बसवलं की मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आजही पुन्हा पुन्हा ऐकाव्यात. यंत्राने मर्यादा घातली आणि माणसाने त्या मर्यादेत उत्तर काढलं. किंवा तंबोराच घ्या. मिरजेत भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंत, म्हणजे तारांचा झंकार जमवण्यापर्यंत, हातांनी घडणारं वाद्य. २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. १९७९ मध्ये बंगळूरच्या राजनारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा बनवला, पुढे तो फोनमध्ये आला. जवारीची ती झुळझुळ मला फोनमध्ये सापडत नाही, पण त्या यंत्राने हजारो मुलांना एकट्याने रियाज करता आला, आणि याचं मोल मी कमी लेखणार नाही. तंबोरा हाताचा असो की विजेचा, तो तुम्हाला सा देतो, पंचम देतो आणि थांबतो. पुढचं तुम्ही म्हणायचं. तबकडीने बंधन दिलं, तंबोऱ्याने जमीन दिली. तुमच्यासमोरचं हे नवं यंत्र थेट उत्तर देतं, आणि मला फरक पडतो तो तिथे.

उत्तर फार लवकर मिळण्यात आणखी एक तोटा आहे. २०११ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये व्हॅलरी सालिमपूर आणि सहकाऱ्यांनी संगीत ऐकून अंगावर काटा येणाऱ्या लोकांच्या मेंदूतलं डोपामिन पाहिलं. आवडती जागा येते तेव्हा ते एका भागात वाढतं, हे अपेक्षितच होतं. पण त्या जागेच्या आधी, ती आता येणार, आता येणार या काही सेकंदांतही दुसऱ्या एका भागात ते वाढत होतं. तबल्याची तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर येणारा तुकडा, सुरू झाली की श्रोत्यांचे हात समेआधीच उचलले जातात, तेच हे. वाट बघण्यातही सुख असतं आणि मेंदू त्याचा मोबदला देतो. ऐकणाऱ्याबद्दल सिद्ध झालेली ही गोष्ट आहे. रचणाऱ्याबद्दल मी माझ्या अनुभवाने म्हणतो: दोन दिवस न सुटलेली चाल घेऊन हिंडताना जी आतुरता असते, तीच पुढच्या कामाची ओढ तयार करते. मिनिटात वीस चाली आल्या की तो सगळा पल्लाच कापला जातो. मग ‘आवडतंय, पण माझं वाटत नाही’ ही जी भावना तुम्ही लिहिलीय, ती येणारच.

कुमार गंधर्वांचं उदाहरण इथे टाळता येत नाही. ऐन तारुण्यात नाव झालेलं असताना क्षयाने गाठलं. १९४८ मध्ये ते देवासला गेले आणि पुढची पाच-सहा वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची लोकगीतं कानावर पडत होती. गळ्याने काहीच करता येत नव्हतं, ते फक्त ऐकत होते. आजारातून उठल्यावर त्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग उभे केले, त्यांना ते ‘धुनउगम राग’ म्हणत: मालवती, संजारी, लगनगंधार. आजार चांगला असतो असं कुणी म्हणणार नाही, आणि देवधर मास्तरांकडची वर्षानुवर्षांची तालीम आधी नसती तर नुसत्या ऐकण्यातून राग निघाले नसते. पण पेरणी झालेली, कान उघडे आणि हातात उत्तर द्यायची सक्ती नाही, अशी स्थिती मेंदूला काय देऊ शकते याचं याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

छोट्या प्रमाणावर ती स्थिती आपल्यालाही रोज मिळते, झोपेत. २००४ मध्ये जर्मनीत काही जणांना आकड्यांचं एक किचकट कोडं दिलं होतं. त्यात एक चोरवाट लपवलेली होती. मधे रात्रीची झोप मिळालेल्यांपैकी ती सापडलेले लोक, जागे राहिलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघाले. २०२१ मध्ये पॅरिसच्या संशोधकांना असंच काही झोपेच्या उंबरठ्यावर दिसलं. डोळा लागता लागता जेमतेम १५ सेकंदांची गुंगी मिळालेल्यांपैकी ८३ टक्क्यांना लपलेला नियम सापडला, जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. गाढ झोप लागलेल्यांचा मात्र फायदा गेला. स्टॅनफर्डमध्ये २०१४ साली चालण्यावर अभ्यास झाला, त्यातही बसण्यापेक्षा चालताना कल्पना जास्त सुचत होत्या. तुमचा दिवस तुम्ही लिहिलाय: सकाळी बसमध्ये कानात इयरफोन, ऑफिसात इयरफोन, रात्री अकरा ते दोन पुन्हा इयरफोन. यात डोळा लागता लागताची ती १५ सेकंदं तरी कुठे आहेत? ४० हर्ट्झचे कंप ऐकवून ‘क्रिएटिव्हिटी वाढवणाऱ्या’ ॲपबद्दल विचारलंय, त्याचं उत्तर इथेच देतो. पैसे घालवू नका. त्या अर्ध्या तासात इयरफोन न लावता चाला.

आता काय करायचं ते. पहिले तीन महिने एआय पूर्ण बंद करा असं मी सांगणार नाही, तुमच्याकडे मुदती आहेत. क्रम बदला. चाल, लय आणि वाद्य तुमच्या डोक्यातून येईपर्यंत यंत्राला सीन दाखवायचा नाही. त्यानंतर हार्मनीचे पर्याय, व्हायोलिनचे थर, आवाजातली खरखर काढणं, मिक्सिंग, यासाठी बिनधास्त वापरा. मीही वापरतो. रोज वीस मिनिटं तंबोरा लावून फक्त गुणगुणायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि त्या दिवशी ते ऐकायचं नाही. पारख दुसऱ्या दिवशी. पहिले पंधरा दिवस पलट्यांचे तुकडेच येतील, मला दोन वर्षं आले होते. स्वर कमी घ्या, पाचांहून जास्त नको. दुर्गा घ्या किंवा भूप. सगळं सप्तक आणि चारशे वाद्यं समोर असली की पाळत ठेवणाऱ्याला आयतं काम मिळतं.

आणि तो एसटी स्टँडचा सीन. आधी आवाज पूर्ण बंद करून तीनदा बघा. बाप कितव्या सेकंदाला मान वर करतो, पिशवी या हातातून त्या हातात कधी घेतो, श्वास कधी सोडतो, ते कागदावर मांडा. त्या सीनचा ताल तिथे लिहिलेला असतो, एडिट करणाऱ्याने तो आधीच बसवलाय. मग नुसत्या मूळ आवाजावर बघा. मागे उभ्या गाडीच्या इंजिनाची घरघर असेल. ती कुठल्या स्वराच्या जवळ आहे ते पेटीवर शोधा आणि तोच तुमचा सा धरा. ते स्टँडच तुमचा तंबोरा होईल. त्यावर पहिल्या दिवशी एकच स्वर लावून बघा, फार तर दोन. मुलगा गाडीतून उतरतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उतरत नसेल तर शेवटची वीस सेकंदं रिकामी ठेवून बघा, इंजिन बंद होतं तिथपर्यंत.